ट्रेगारॉन : गुरांच्या वाटेवरचे बाजारगाव

पश्चिम वेल्समधल्या केरेडिगियन परगण्यात, ब्रेनिग नदीकाठी ट्रेगारॉन वसले आहे. वस्ती जेमतेम बाराशेची. 1292 साली राजसनद मिळाली तेव्हापासून ते बाजारगाव. सनदा इतरही गावांना मिळाल्या होत्या; ट्रेगारॉनचे नशीब उघडले ते त्याच्या जागेमुळे. गावाच्या पूर्वेला कँब्रियन डोंगर उभे राहतात. ते ओलांडले की अबरग्वेसिन हे गाव, आणि तिथून पुढे इंग्लंडची वाट.

इंग्लंडातल्या शहरांना मांस हवे होते, वेल्सच्या डोंगरांत काळी गुरे होती, आणि रेल्वे यायच्या आधी ती पायीच न्यावी लागत. कळप ट्रेगारॉनला गोळा होत. निघण्याआधी प्रत्येक जनावर दोर टाकून आडवे पाडायचे आणि खुरांना लोखंडी पत्र्या ठोकायच्या. खूर दुभंगलेला, म्हणून एका जनावराला आठ पत्र्या. आपल्याकडे ऊस ओढणाऱ्या बैलांनाही अशाच पत्र्या मारतात. हंसबदकांचे थवेसुद्धा चालत जात. त्यांचे पाय आधी डांबरात, मग वाळूत बुडवत, की झाले जोडे तयार!

लोहार, खाणावळी, रात्रीपुरती भाड्याने दिलेली कुरणे, सगळ्यांची चूल या चालण्यावर पेटे. शेतकरी पुष्कळदा गुरे उधारीवर देत आणि ती हाकत नेऊन विकणारा परतायची वाट पाहत. पैशांची ही लांबची ने-आण होती म्हणूनच इतक्या आडबाजूच्या गावाचे नाव एका बँकेला लागले. ‘ॲबरिस्टविथ आणि ट्रेगारॉन बँके’च्या 1 पौंडाच्या नोटेवर एक मेंढी, 2 पौंडांच्या नोटेवर दोन. अक्षर न येणाऱ्यालाही नोट कळे. लोक तिला ‘काळ्या मेंढीची बँक’च म्हणत. 1815 च्या सुमारास ती बुडाली.

गरीब घरांना दुसरा आधार विणकामाचा. हाताने विणलेले लोकरी पायमोजे इथल्या बाजारातून दक्षिणेच्या कोळसाखाणींच्या भागात जात.

1866 मध्ये रेल्वे आली. गुरे विकली जातच राहिली, पण आता डब्यांत चढून. पत्र्या ठोकणाऱ्यांचे आणि वाटेवरच्या खाणावळवाल्यांचे काम मात्र संपले. पुढे 1965 मध्ये प्रवासी गाड्याही बंद झाल्या. त्याच्या शंभर वर्षांपूर्वी जिच्यासाठी जुनी वाट सोडली, ती रेल्वेही गावाला पुरली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

चौकात हेन्री रिचर्ड यांचा पुतळा आहे. 1812 साली याच गावात जन्मलेले हे शांतिवादी खासदार. पुतळ्याजवळच टॅलबट ही जुनी खाणावळ. अबरग्वेसिनचा डोंगररस्ता अजून चालू आहे. एका वेळी एकच मोटार जाईल एवढा अरुंद.