खांबावरचा डबा आणि वाऱ्याचे गणित

कॅलिफोर्नियातल्या एखाद्या जुन्या वस्तीत रस्त्याकडेच्या लाकडी खांबाकडे मान वर करून पाहिले, तर त्याचे मजले स्पष्ट दिसतात. सर्वांत वर उच्चदाबाच्या तारा, त्यांच्याखाली ट्रान्सफॉर्मर, मग थोडी मोकळी जागा आणि त्या खाली टेलिफोन, केबल टीव्ही व फायबरच्या तारा. ही मधली जागा वायरमनच्या जिवासाठी राखलेली असते. टेलिफोनच्या तारेवर काम करणाऱ्याचा हात चुकूनही विजेच्या तारेपर्यंत पोहोचू नये, एवढे अंतर तिथे असावे लागते, आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत पाळल्या जाणाऱ्या नियमसंहितेत ते साधारणपणे ४० इंच धरले आहे. या भरलेल्या खांबावर गेल्या दहा-पंधरा वर्षांत आणखी एक बिऱ्हाड आले आहे. बादलीएवढी अँटेना, तिच्याखाली एक-दोन करडे डबे आणि खांबाला बिलगून उतरणारी जाड केबल, असे त्याचे रूप असून त्याला ‘स्मॉल सेल’ म्हणतात.

मोठ्या टॉवरऐवजी घराच्या खिडकीसमोरचा खांब का लागतो, याचे उत्तर लहरींच्या स्वभावात आहे. कंपनीला मिळालेल्या लहरींचा पट्टा मर्यादित असतो आणि एका टॉवरच्या छत्राखालचे सगळे ग्राहक तो वाटून घेतात. छत्र लहान केले की तोच पट्टा थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येतो. मात्र छत्राची त्रिज्या निम्मी केली की क्षेत्रफळ चतुर्थांश होते, म्हणजे तेवढाच परिसर झाकायला चौपट अँटेना उभ्या कराव्या लागतात. त्यात फाइव्ह-जीच्या २४ गिगाहर्ट्‌झच्या पुढच्या लहरी भिंतीने अडतात आणि दाट पानांनीही क्षीण होतात. त्यामुळे अँटेना माणसांच्या जवळ, म्हणजे रस्त्यावरच आणावी लागते, आणि रस्ता म्हटला की नगरपालिका आलीच.

या नगरपालिकेच्या हातात नेमके काय आहे, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या १९९६ च्या दूरसंचार कायद्यानुसार, उपकरण केंद्रीय आयोगाच्या (दूरसंचाराचे नियमन करणाऱ्या ‘एफसीसी’च्या) किरणोत्सर्गाच्या मर्यादेत बसत असेल, तर त्या किरणोत्सर्गाच्या परिणामांचे कारण देऊन स्थानिक संस्थेला परवानगी नाकारता येत नाही. सुनावणीला येणारे रहिवासी मात्र बहुधा हीच भीती घेऊन येतात. समजा, अँटेनाने तुमच्या दिशेने १०० वॅट इतकी परिणामी (म्हणजे त्या दिशेने एकवटून भरणारी) शक्ती सोडली आणि तुम्ही दहा मीटरवर आहात. तर तुमच्यापर्यंत पोहोचणारी तीव्रता दर चौरस मीटरला सुमारे ०.०८ वॅट भरते. या वारंवारतांसाठी अमेरिकेतली सर्वसामान्यांची मर्यादा १० वॅट आहे. वीस मीटरवर गेलात तर ०.०८ चेही चतुर्थांश उरते. म्हणून केंद्राने हा विषय स्थानिक चर्चेबाहेर ठेवला, हे मला तरी वावगे वाटत नाही.

उरलेल्या अधिकारांवर खरी ओढाताण झाली. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ मध्ये ठराव करून बागांच्या कडेला, ऐतिहासिक इमारतींजवळ आणि देखाव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रस्त्यांवर अशा उपकरणांसाठी अधिक कडक परवाना लावला. कंपन्या न्यायालयात गेल्या. तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला राज्याचा कायदा सार्वजनिक वापरात गैरसोय होणार नाही अशा रीतीने रस्त्याकडेला खांब रोवण्याचा हक्क देतो, आणि ‘गैरसोय’ म्हणजे फक्त रहदारीची अडवणूक, असा त्यांचा दावा होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये तो एकमताने फेटाळला. रस्त्याची शोभा हाही त्याच्या सार्वजनिक वापराचा भाग ठरला. त्याआधी, सप्टेंबर २०१८ मध्ये, केंद्रीय आयोगाने उलट दिशेने दोर ओढला होता. असलेल्या खांबावर उपकरण लावण्याच्या अर्जाचा निकाल ६० दिवसांत आणि नव्या खांबाच्या अर्जाचा ९० दिवसांत द्यायचा, तसेच एका स्मॉल सेलमागे वर्षाला २७० डॉलरपर्यंतचे शुल्क वाजवी मानले जाईल, असे त्याने ठरवून दिले. पोर्टलंडसह अनेक शहरांनी त्याला आव्हान दिले. ऑगस्ट २०२० मध्ये अपील न्यायालयाने शुल्क आणि मुदती कायम ठेवल्या, पण शहरांच्या सौंदर्यविषयक अटींना घातलेली काही बंधने रद्द केली.

लहरी आणि शोभा यांवर एवढा खल झाला, पण खांबाचे ओझे या चर्चेत मागेच राहिले. खरे तर वजनापेक्षाही वारा महत्त्वाचा. ताशी ८० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरवर साधारण ३०० न्यूटन दाब टाकतो. अर्धा चौरस मीटर दर्शनी भाग असलेला डबा आठ मीटर उंचीवर बसवला, तर त्याच्या चौकोनी आकारामुळे त्यावर जवळजवळ १८ किलोचा आडवा रेटा येतो, आणि खांबाच्या बुंध्यापाशी तो आठ मीटरच्या तरफेने जाणवतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. दुसऱ्या बाजूला, वाकण्याला विरोध करणारी लाकडाची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. बुंधा बाहेरून कुजून व्यास दहा टक्क्यांनी घटला, तर ताकद सत्तावीस टक्क्यांनी घटते, आणि ओल व हवा दोन्ही मिळत असल्याने खांब कुजतो तोही नेमका जमिनीलगत.

२१ ऑक्टोबर २००७ रोजी कॅलिफोर्नियातल्याच मालिबू कॅन्यनमध्ये हे गणित प्रत्यक्ष घडले. सांता आना या कोरड्या, जोरदार वाऱ्यात वीज आणि दूरसंचार कंपन्यांच्या सामायिक मालकीचे तीन खांब कोसळले, ठिणग्या पडल्या आणि ३,८०० एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. एका खांबाला वाळवी लागली होती, आणि ताकदीचे नियमाने ठरवलेले प्रमाण पाळले गेले नव्हते, हे पुढे समोर आले. त्या राज्यात वरच्या श्रेणीच्या लाकडी खांबाची ताकद अपेक्षित भाराच्या चौपट धरावी लागते. वीज कंपनीने २०१३ मध्ये ३ कोटी ७० लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवले आणि दूरसंचार कंपन्यांनाही वेगळी किंमत मोजावी लागली. त्यानंतर सुमारे ५,००० खांबांचा नमुना तपासला, तेव्हा पाचांत एकाहून अधिक खांब तत्कालीन निकषाला उतरले नाहीत.

आपल्याकडे हे पर्व आता सुरू होत आहे. मार्गाधिकार नियमांच्या, म्हणजे दूरसंचाराच्या तारा आणि उपकरणांना जागा देण्याच्या नियमांच्या, २०२२ च्या दुरुस्तीने दिव्याच्या खांबावर स्मॉल सेल बसवण्याचे शुल्क शहरात वर्षाला ३०० रुपये आणि ग्रामीण भागात १५० रुपये ठरवले. नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. केबलवाल्यांच्या तारांची भेंडोळी सांभाळणारे आपले दिव्याचे खांब मुख्यतः पोलादी असल्याने त्यांना वाळवीचे भय नाही. पण पोलादी खांबही आधी गंजतो तो फुटपाथच्या फरशीलगतच, जिथे पावसाचे पाणी साचते आणि रंगाचा हात पोहोचत नाही. अमेरिकेतला वायरमन चढण्यापूर्वी खांबावर हातोडी मारून आवाज ऐकतो: टणक नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर वर जायचे नाही. अर्जासोबत जोडलेल्या नकाशात हा आवाज उमटत नाही.