एच-4 हर्क्युलस: लाकडाचं सर्वांत मोठं विमान कसं पाहावं

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात मॅकमिनव्हिलला एव्हरग्रीन एव्हिएशन अँड स्पेस म्युझियम आहे. तिथल्या एका इमारतीची जवळपास सगळी रुंदी एकाच विमानानं व्यापली आहे: अमेरिकी उद्योगपती हॉवर्ड ह्यूजचं एच-4 हर्क्युलस, म्हणजेच 'स्प्रूस गूस'. पंखांचा विस्तार 97 मीटरांहून जास्त, उंची 24 मीटर.

आधी पोटाजवळ जा. धातूच्या विमानांवर दिसतात तशा रिव्हेटच्या ओळी इथे नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲल्युमिनियमवर निर्बंध होते, म्हणून सांगाडाही लाकडाचाच, तोही मुख्यतः बर्च झाडाच्या लाकडाचा. लाकूड रेषांच्या दिशेनं मजबूत असतं, आडवं कमजोर. त्यासाठी पातळ पापुद्रे वेगवेगळ्या दिशांनी रचून राळेनं चिकटवले गेले. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं आणि हा ताण सांध्यांवर येतो; अशा विमानाला म्हणूनच बंदिस्त, आर्द्रता सांभाळणारी जागा लागते.

मग वर इंजिनांकडे बघा. आठ प्रॅट अँड व्हिटनी आर-4360, प्रत्येकी 3000 अश्वशक्तीची. एकात 28 सिलिंडर, सात-सातच्या चार गोलाकार रांगा. मागच्या रांगांना वारा मिळावा म्हणून प्रत्येक रांग पुढचीपेक्षा थोडी फिरवून बसवली आहे. दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे पूर्ण विमानात 448! अशा इंजिनांची खोड वेगळीच: बंद असताना तेल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साचतं. तेल दाबलं जात नाही, त्यामुळे तसंच चालू केलं तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. सुरू करण्याआधी पंखा फिरवून अडकतोय का ते पाहतात. अडकला तर खालचे प्लग काढून तेल बाहेर सोडतात. पंख मुळाशी इतका जाड आहे की मेकॅनिक उडत्या विमानात आतूनच इंजिनापर्यंत जाऊ शकला असता.

तशी वेळ मात्र आली नाही. 2 नोव्हेंबर 1947 ला लाँग बीचच्या बंदरात पाण्यावरून उडणारं हे विमान एकदाच उडालं: सुमारे दीड किलोमीटर, 21 मीटर उंचीवर. पंखांच्या विस्ताराच्या मानानं ही उंची फारच कमी. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ पंखटोकांचे भोवरे नीट पसरू शकत नाहीत, रोध घटतो आणि तरंगणं सोपं होतं. शिवाय त्या दिवशी पोटात माल नव्हता. विमानासकट 180 टनांच्या पूर्ण भारानिशी ते उंच चढलं असतं का, हे त्या उड्डाणानं सिद्ध होत नाही. पंखविस्ताराचा विक्रम मात्र 2019 पर्यंत टिकला. तो 117 मीटर पंखविस्ताराच्या स्ट्रॅटोलाँच विमानानं मोडला.