जुन्या मिनी-कॉम्प्युटरला टेप ड्राइव्ह जोडताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘टेप लागते, पण बॅकअप मधेच तुटतो’ असे फोन निपाणी, चिकोडी, खानापूरकडून वरचेवर येतात. ड्राइव्ह काढून आमच्याकडे आणला की इथे तो व्यवस्थित चालतो. दोष ड्राइव्हमध्ये नसतो, टर्मिनेटरमध्ये असतो, म्हणजे केबलच्या टोकाला सिग्नल शोषून घेणाऱ्या प्लगमध्ये. ड्राइव्ह उचलून आणण्याआधी एवढं तपासा.

स्कझी (SCSI) म्हणजे मशीन, डिस्क, टेप एकाच केबलवर ओळीने जोडायची पद्धत. या साखळीला टर्मिनेटर दोनच हवेत: एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधल्या कुठल्याही उपकरणावर नको. टोक उघडं राहिलं तर सिग्नल तिथून परत उलटतो. तीन टर्मिनेटर झाले तर लाईनवर भार वाढून सिग्नल दबतो. दोन्ही वेळी छोटी फाईल टेपवर बिनबोभाट जाते, म्हणून जोडणी बरोबर आहे असं वाटतं. डेटाचे हजारो ब्लॉक सलग जायला लागले की पॅरिटी एरर (बिटांची पडताळणी चुकल्याचे एरर) येतात. त्याच साखळीवर डिस्क असेल तर तिलाही धोका.

चूक दोन प्रकारे होते. बाहेरचा ड्राइव्ह लावायला मशीनमागचा टर्मिनेटर काढला जातो आणि तो ड्रॉवरमध्येच राहतो. तो ड्राइव्हच्या दुसऱ्या पोर्टवर बसवायचा असतो. किंवा ड्राइव्हच्या आत टर्मिनेटरचंच काम करणारे रेझिस्टर पॅक असतानाच बाहेरूनही टर्मिनेटर लावला जातो. जुन्या ड्राइव्हच्या बोर्डावर ५० पिनी कनेक्टरजवळ कंगव्यासारख्या दोन-तीन पट्ट्या खोचलेल्या दिसतील, त्याच या. ड्राइव्ह साखळीच्या मधे असेल किंवा बाहेरून टर्मिनेटर लावणार असाल, तर सगळ्या काढा. पट्टीच्या एका टोकाला ठिपका असतो, तो पिन १ चा. परत बसवताना ठिपका उलटा गेला तर साखळीच अडते. काढलेल्या पट्ट्या पाकिटात घालून कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवा. नंतर शोधूनही मिळत नाहीत.

केबल लावताना-काढताना मशीन आणि ड्राइव्ह दोन्ही बंद हवेत. चालू मशीनवर केबल ओढली तर मशीनमधल्या स्कझी कंट्रोलरवरचा, टर्मिनेटरला वीज देणारा फ्यूज उडू शकतो. मग टर्मिनेटर जागेवर असूनही निकामी.

साखळीवरच्या प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक, म्हणजे आयडी, लागतो: ० ते ७. कंट्रोलर बहुधा ७ घेतो, डीईसी कंपनीच्या काही व्हॅक्स मशीनवर ६. टेपला ४ किंवा ५ द्या. व्हॅक्सच्या व्हीएमएस ऑपरेटिंग सिस्टिमवर ५ चा ड्राइव्ह एमकेए५०० असा दिसतो. आयडी बदलल्यावर ड्राइव्ह बंद करून चालू करावाच लागतो. आधी ड्राइव्ह चालू करा, मग मशीन.

केबलची लांबी कॅबिनेटच्या आतली रिबन केबलही धरून मोजा: साध्या स्कझीला जास्तीत जास्त ६ मीटर, फास्ट स्कझीला ३. ड्राइव्हमागे ‘डिफ’ (डिफरन्शियल स्कझी) छापलं असेल तर साध्या पोर्टला लावूच नका. प्लग बसतो, पण चिप जळू शकते.

टेप चांगली असूनही वाचताना एरर येत असेल तर ब्लॉक साईज बघा. जुन्या क्यूआयसी (पाव इंची कार्ट्रिज टेपच्या) ड्राइव्हला ५१२ बाइटचा ठरावीक ब्लॉक लागतो. ज्या साईजने लिहिलं त्याच साईजने वाचावं लागतं.

जोडणीला आम्ही अर्धा दिवस का घेतो, असं बरेच जण विचारतात. डिस्कची प्रत हातात आल्याशिवाय आम्ही कॅबिनेट उघडत नाही. जोडून झाल्यावर पूर्ण बॅकअप घेतो, तो वेगळ्या डिरेक्टरीत रिस्टोर करतो आणि तुमच्या हिशेबनिसासमोर फाईली जुळवून दाखवतो. हे सगळं त्याच दरात येतं. नुसती केबल खोचून देण्याचं काम आम्ही घेत नाही.

तपासलेल्या १ मीटर केबली आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारे ॲक्टिव्ह टर्मिनेटर आमच्याकडे तयार असतात. नुसत्या रेझिस्टरचा जुना पॅसिव्ह टर्मिनेटर असेल तर एकदा बदलून घ्या. येण्याआधी मशीनच्या मागच्या बाजूचा आणि ड्राइव्हच्या लेबलचा फोटो पाठवा, म्हणजे नेमकी केबल घेऊनच निघता येतं. फोनवर मराठी, कन्नड दोन्ही चालतं. साखर कारखान्यांनी सप्टेंबरमध्येच दिवस ठरवावा. गळीत सुरू झालं की वजनकाट्याचं मशीन तासभरही बंद ठेवता येत नाही.