डिझेल हेडचं पोर्टिंग: हवेची वाट आणि हवेचा भोवरा

हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरवरचं झाकण. त्यातले पोर्ट, म्हणजे हवेच्या वाटा, घासून मोकळे करायचे, ही कला पेट्रोल इंजिनांवर घडली. हॅरी वेस्लेक या इंग्रज तंत्रज्ञाने पोर्टमधून हवा ओढून ती मोजायची पद्धत रुळवली. 1935 च्या एसएस जॅग्वारचं हेड आणि पुढे 1948 चं एक्सके इंजिन, दोन्हींत त्याचा हात होता. फ्लो बेंचवर, म्हणजे अशी हवा मोजायच्या यंत्रावर, आकडा वाढला की ताकद वाढते, हे गणित पेट्रोलला बऱ्याच अंशी लागू पडतं. डिझेलवाल्यांनी तेच उचललं आणि तिथेच गोची झाली. डिझेलचा इनलेट पोर्ट हवा भरतो, आणि पुष्कळदा तिला फिरवतोही.

फिरवायची गरज कुठून आली, ते इंधन आत सोडण्याच्या इतिहासात दिसतं. रुडॉल्फ डिझेलचं 1897 चं इंजिन दाबलेल्या हवेच्या झोताने इंधन फवारायचं. मिश्रण तो झोतच करी, पोर्टचा आकार कसाही असला तरी चालून जाई. पण त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर अवजड, गाडीच्या कामाचा नाही. 1909 मध्ये बेंझ कंपनीत प्रॉस्पर लोरांज याने प्रीचेंबरचं, म्हणजे सिलिंडरला जोडलेल्या छोट्या कोठडीचं, पेटंट घेतलं, 1927 मध्ये बॉशने इंजेक्शन पंपाचं उत्पादन सुरू केलं, आणि 1930 च्या दशकात हॅरी रिकार्डोच्या कॉमेट हेडने हवा एका गोल कोठडीत कोंबून तिथेच भोवरा उठवला. 1936 ची मर्सिडीज 260 डी प्रीचेंबरवरच चालली. या इंजिनांत मिश्रणाचं काम कोठडीकडे. पोर्टने फक्त सिलिंडर भरायचा. म्हणून अशा जुन्या इनडायरेक्ट (इंधन कोठडीत सोडणाऱ्या) हेडवर ग्राइंडर चालवणारा सहसा फसत नाही.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये, म्हणजे इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडताना, मामला उलटा झाला. कोठडी गेली, तिच्या भिंतींत मुरणारी उष्णता वाचली, पिस्टनच्या माथ्यावर वाटी आली आणि भोवरा उठवायची जबाबदारी पोर्टवर पडली. काही इंजिनांत त्यासाठी इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर एका बाजूला आडोसा ठेवत. हवा फिरे, पण वाटही अडे. त्याहून चांगला उपाय म्हणजे हेलिकल पोर्ट. शंखाच्या आतल्या वळणासारखा तो व्हॉल्व्हची दांडी धरणाऱ्या गाइडभोवती फिरत खाली उतरतो. आत बोट घातलं तर गाइडजवळ एक उतरती कड हाताला लागते. पेट्रोलच्या हेडवर हात बसलेल्या माणसाला ती कास्टिंगमधली अडचण वाटते आणि तो आधी तीच उडवतो. बेंचवर आकडा छान वाढतो. गाडी मात्र कमी आरपीएमवर लोड घेतला की काळा धूर ओकते, कारण तिथे भोवरा आधीच मंद असतो आणि आता तोही गेलेला असतो. शहाणे पोर्टर ती कड सोडून सीटखालचा (व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्याखालचा) गळा, आतल्या बाजूचं आखूड वळण आणि व्हॉल्व्ह सीटचे कोन यांवर मेहनत घेतात. एक्झॉस्ट पोर्टवर हे बंधन नाही, तिथे हात सैल सोडावा. आरशासारखं पॉलिश हा माझ्या मते बहुतांशी दिखावा. वॉटर जॅकेटची, म्हणजे हेड थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेची, भिंत कुठे पातळ आहे, हे मात्र आधी बघावं.

1988 ची फियाट क्रोमा आणि 1989 ची ऑडी 100 टीडीआय यांनी टर्बोसह डायरेक्ट इंजेक्शन मोटारींत आणलं. 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 सोबत कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना दाबाखालचं इंधन देणारी एकच नळी) आलं. रेलमधला दाब तेव्हा 1350 बारच्या आसपास होता, पुढे 2000 च्या वर गेला. इतक्या दाबाने बारीक छिद्रांतून फवारा सुटला की इंधन हवेत स्वतःच मिसळू लागतं. भोवऱ्याची गरज घटली, विशेषतः ट्रकच्या मोठ्या इंजिनांत. अनेक चार-व्हॉल्व्ह मोटारींत एक पोर्ट हेलिकल, दुसरा भरण्यासाठी, आणि एकाच्या तोंडाशी झडप, अशी विभागणी झाली. थोडक्यात, किती घासायचं हे आधी इंजिनाची पिढी बघून ठरवावं लागतं.

ट्रॅक्टर पुलिंग (ओझं ओढण्याच्या) आणि डिझेल ड्रॅग (सरळ रेषेतल्या) शर्यतींमध्ये धुराचा हिशेब कमी, त्यामुळे तिथे लोक टोकाला जातात. 1989 पासून डॉज पिकअपमध्ये आलेल्या कमिन्स 5.9 च्या हेडमध्ये इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) कास्टिंगमध्येच ओतलेला असतो. काहीजण तो चक्क कापून प्रत्येक सिलिंडरला वेगळा रनर, म्हणजे हवेची नळी, बसवतात. मग टर्बोने दिलेला दाब मोजणारा बूस्ट गेज आधीपेक्षा कमी दाखवतो आणि नवखा घाबरतो. गेजवर दिसतो तो हवेचा दाब, तिचं प्रमाण नव्हे. हेडमधली अडचण निघाली की तीच हवा कमी दाबात आत जाते, आणि टर्बोचं ओझंही हलकं होतं.