चारित्र्य पडताळणी: आरोग्यसेवेच्या भरतीतील एका अटीचा मागोवा

परिचारिका असो की वैद्यकीय अधिकारी, सरकारी नेमणूक ‘चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणीच्या अधीन राहून’ असते. शब्द भारदस्त आहे, पण पोलीस चारित्र्य तपासत नाहीत. दप्तरी गुन्हा नोंदलेला आहे की नाही, एवढेच कळवतात.

एकेकाळी या अहवालात राजकारणही डोकावत असे. मध्य प्रदेशातील एका शिक्षकाची नोकरी राजकीय कार्यक्रमांतील सहभागाच्या पोलिसी नोंदीमुळे गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते अमान्य केले.

खरा गुंता आहे साक्षांकन नमुन्यात, म्हणजे उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायच्या अर्जात. अटक झाली होती का, खटला चालला का, शिक्षा झाली का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. गावातल्या भांडणात नाव गोवले गेलेला आणि पुढे सुटलेला उमेदवार ‘शिक्षा नाही म्हणजे काहीच नाही’ असे धरून तिन्हींपुढे ‘नाही’ लिहितो. मग गुन्हा राहतो बाजूला, माहिती लपवली हाच दोष ठरतो. न्यायालयेही एका सुरात बोलत नव्हती. १९९६ मध्ये निर्दोष सुटलेल्यालाही नेमणूक नाकारणे योग्य ठरले. २०११ मध्ये तरुणपणीच्या चुकीकडे काणाडोळा करण्याची भूमिका आली. अखेर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने चौकट आखली: तरुण वयातील घोषणाबाजीसारखी किरकोळ बाब लपवली असेल तर नियोक्ता ती माफ करू शकतो, मात्र सगळे खरे सांगितले म्हणून नेमणुकीचा हक्क मिळत नाही, आणि नमुन्यात जे नेमके विचारले आहे, तेवढ्याचाच जाब मागता येतो. हे शेवटचे वाक्य उमेदवारांच्या सर्वात कामाचे, आणि नेमके तेच भरती कक्षांत कमी वाचले जाते. यातले अनेक वाद पोलीस भरतीतून आलेले. खाकीसाठी घासून तयार झालेली फूटपट्टी प्रयोगशाळा तंत्रज्ञालाही लागते. पद जितके वरचे तितका निकष कडक, असे त्याच निकालात आहे. औषध भांडाराच्या किल्ल्या मात्र बहुधा खालच्या पदाकडेच असतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातील सरकारी रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला आणि चर्चेचा रोखच बदलला. आरोपी रुग्णालयाच्या आस्थापनेवर नव्हता, तो पोलिसांच्या मदतीला घेतलेला नागरी स्वयंसेवक होता. अशांची भरती कोणत्या अधिकारात होते आणि त्यांची पूर्वपडताळणी कशी होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला विचारले.