फेरतपास आणि मोहीम: जेधे शकावली ते ‘तेजोमहालय’

मराठ्यांचे जुने कागद शोधून छापणारे वि. का. राजवाडे कुठल्या विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. ताजमहाल म्हणजे मुळात ‘तेजोमहालय’ असं सांगणारे पु. ना. ओकही नव्हते. रूढ इतिहास चुकीचा आहे असं दोघांनीही ठासून सांगितलं आणि दोघांनीही संस्था उभ्या केल्या. राजवाड्यांच्या पुढाकाराने १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, तर ओकांनी १९६४ मध्ये भारतीय इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी संस्था काढली. मग एक हौशी माणूस इतिहासाचार्य आणि दुसऱ्याला अभ्यासक मानतच नाहीत, असं का, हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर पदवीत शोधू नये. मराठ्यांचे कागद ज्यांनी वाड्यांच्या माळ्यांवरून खाली आणले, त्यांत शाळामास्तर, वकील, कारकून असे कितीतरी होते. इतिहासाची फेरतपासणी आणि पर्यायी इतिहासाची मोहीम यांतला फरक काम कसं केलं यातच दिसतो, म्हणून दोन उदाहरणं नीट उलगडून पाहू.

पहिलं शिवजन्माचं. एके काळी बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ ही तिथी सर्वमान्य होती. लोकमान्य टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव गाजवला तो याच तिथीच्या भरवशावर. पुढे भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली त्यांच्या हाती आली. शकावली म्हणजे सालवार नोंदी. बखरीसारखं रंगवून सांगणं त्यात नाही. अमुक शके, अमुक तिथी, अमुक घडलं, इतकंच. तीत शिवाजीराजे शिवनेरीस जन्मल्याची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. जवळपास तीन वर्षांचा फरक! टिळकांनी १९१६ साली ती छापली. ज्या तिथीला आपण उत्सव उभा केला तिलाच धक्का देणारा कागद त्यांनी स्वतःहून लोकांपुढे ठेवला, याचं मला फार मोल वाटतं.

त्यावर लगेच शिक्कामोर्तब झालं नाही. एका घराण्याची नोंद किती मानायची, यावर भांडणं झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मग तंजावरच्या ग्रंथालयात परमानंदाचं ‘शिवभारत’ मिळालं. ते महाराजांच्या हयातीतलं संस्कृत काव्य स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातही फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. जोधपूरला सापडलेल्या जुन्या जन्मकुंडलीनेही १६३० चाच कौल दिला. कारी, तंजावर आणि जोधपूर अशा तीन दूरच्या ठिकाणांहून आलेली साधनं एकाच सालावर येऊन थांबली. वारही पडताळता येतो: त्या दिवशी खरोखरच शुक्रवार येतो.

आता ताजमहाल. मुळात ते तेजोमहालय नावाचं शिवमंदिर होतं, असं ओकांनी मांडलं. त्यांचा एक आवडता पुरावा म्हणजे शहाजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याचा ‘बादशाहनामा’. मुमताजच्या दफनासाठी निवडलेल्या जागेवर आमेर-जयपूरच्या राजा मानसिंहाची ‘मंझिल’ होती आणि ती तेव्हा त्याचा वंशज जयसिंह याच्याकडे होती, असं लाहोरी खरंच लिहितो. वाचणारा इथे दचकतो, आणि मोहिमेची सगळी भिस्त या दचकण्यावर आहे. पण मंझिल म्हणजे राहता वाडा. शिवाय तोच मजकूर पुढे वाचला की जागेच्या बदल्यात जयसिंहाला काय दिलं ते कळतं, बांधकामाला हात घातल्याचं कळतं आणि चाळीस लाख रुपये खर्चाचा अंदाजही मिळतो. मोबदल्यात चार हवेल्या दिल्याचं १६३३ चं फर्मान जयपूर दरबाराच्या दप्तरात आहे. मकराण्याहून संगमरवर पाठवण्याबद्दलची फर्मानंही आहेत. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी त्या सुमारास आग्र्यात होता. शहाजहानची खुशामत करायचं त्याला काही कारण नव्हतं, आणि काम सुरू झाल्याचं तोही लिहून ठेवतो.

म्हणजे एकाच ग्रंथातली एक ओळ पुरावा ठरते आणि पुढच्या ओळी दरबारी थापा ठरतात. विरुद्ध कागद मिळाला की तो इंग्रजांनी, मुघलांनी किंवा डाव्यांनी पेरलेला. मग दावा खोटा ठरण्याची वाटच उरत नाही. ओकांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळली. ताजमधल्या बंद बावीस खोल्या उघडा, ही मागणी अलाहाबाद उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये फेटाळली. पुरातत्त्व खात्याने तर डागडुजीच्या वेळचे तिथले फोटोही प्रसिद्ध केले. तरी ‘त्या खोल्यांत काय दडवलंय?’ हा प्रश्न आजही मोबाइलवर फिरतोच.

शब्दांच्या खेळावरून मात्र ओक आणि राजवाडे या दोघांत गल्लत होऊ शकते. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, असं ओक सांगायचे. राजवाडेही व्युत्पत्तीच्या नादात पुष्कळ वाहवत गेले, आणि त्यांच्या कितीतरी व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांनी टाकून दिल्या. त्या टाकल्या तरी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे त्यांनी छापलेल्या कागदपत्रांचे खंड उणे होत नाहीत. १८९८ च्या पहिल्या खंडातली १७५० ते १७६१ ची पत्रं आजही पानिपतावर लिहिणाऱ्याला उघडावीच लागतात, राजवाड्यांचं एकही मत पटत नसलं तरी. ओकांच्या लिखाणातून शब्दसाम्यं काढली तर हाती फार थोडं उरतं.

परकी राजवट आपला इतिहास वाकवून सांगते हा राग राजवाड्यांना होता, टिळकांनाही होता. ओकांचा रागही मी खोटा मानत नाही. ते आझाद हिंद सेनेत होते. कुणी त्या बंद खोल्यांचा संदेश पाठवला तर त्याला हसू नये. ‘बादशाहनाम्या’तला पुढचा मजकूर वाचला आहे का, एवढं विचारावं.

टिळकांनी जेधे शकावलीतली जन्माची एक ओळ उचलून छापली नाही, अख्खी शकावली छापली. म्हणून कारी गाव कधीही न पाहिलेल्या माणसालाही तीतली एकेक तिथी जंत्रीशी ताडून बघता आली आणि जिथे शकावलीच चुकते, तिथे ती चुकते असंही दाखवता आलं.