अंगठा शांत झाला म्हणून गोळी सोडू नका
‘दुखणं थांबलं की युरिक अ‍ॅसिडची गोळी सोडायची, नाहीतर किडनी जाते’ हा गाउटबद्दलचा (युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे दुखण्याचा आजार) समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. रात्री चादरीचा स्पर्शही सोसवत नाही असा लालबुंद अंगठा आठवडा-दोन आठवड्यांत शांत होतो, पण सांध्यात साचलेले युरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे स्फटिक तिथेच असतात. रक्ताच्या रिपोर्टमधला युरिक अ‍ॅसिडचा आकडा 6 (mg/dL) च्या खाली टिकला तरच ते विरघळतात. त्याला महिने, कधी वर्षं लागतात. अ‍ॅलोप्युरिनॉल, म्हणजे हीच युरिक अ‍ॅसिडची गोळी, तो आकडा खाली ठेवते; ती वेदनाशामक नव्हेच. किडनीला जपायचं तर मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आधी आवरा. अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर सुरुवातीला दुखणं उलट उसळू शकतं, म्हणून डॉक्टर छोट्या डोसने सुरुवात करतात, सोबत बहुधा कोल्चिसिन (असं उसळणं रोखणारं औषध) देतात. अंगावर पुरळ उठलं तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा.